केणीबाईंची मिठागरेला

घोडबंदर रोडवर गाड्या अडकल्या की कुणी हॉर्न वाजवतं, कुणी घरी फोन करून 'भात एवढ्यात लावू नकोस' म्हणून सांगतं. डॉ. यमुना केणी गाडीतून उतरायच्या.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी माझी होती आणि बाईंनी सत्तरी ओलांडली होती. वीस मिनिटं आम्ही एकाच जाहिरातीसमोर उभे होतो. जाहिरातीतलं जोडपं पंचविसाव्या मजल्यावरच्या तलावात पाय सोडून हसत होतं, आणि खाली आम्ही घामाघूम. मी काहीतरी बोललो, उत्तर आलं नाही. आरशात पाहतो तर मागची सीट रिकामी आणि दार उघडं. बाई दोन लेन ओलांडून दुभाजकावर उकिडव्या बसल्या होत्या, एका हातात वाळकी फांदी आणि दुसऱ्या हातात डोळ्याला लावलेलं भिंग. मागच्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून मला विचारत होता की आजींना चक्कर आली का. नेमका तेव्हाच पुढचा ट्रॅफिक सुटला. हॉर्नचा असा काही कल्लोळ उठला की जाहिरातीतलं जोडपंसुद्धा दचकलं असावं. बाई सावकाश उठल्या. फांदीचं टोक मोडून त्यांनी कागदात गुंडाळलं, बसला तळहात दाखवून थांबवलं, रस्ता ओलांडला, पदर सावरून सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "पेडणेकर, फार चांगला रस्ता आहे हा. माणसाला नीट बघू देतो."

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसे, पुड्या असत. लग्नपत्रिकांचे चौकोनी तुकडे कापून त्या पुड्या करायच्या. घडी अशी की उलटी धरून झटकली तरी कण सांडणार नाही. वर पेन्सिलीनं झाड, ठिकाण, तारीख. अख्ख्या डोंबिवलीची लग्नं त्यांच्या कपाटात साठली होती. एका बाजूला चि. सौ. कां. अमुकतमुक, दुसऱ्या बाजूला 'आंब्याची कुजकी फांदी, शाळेच्या कुंपणालगत'. एकदा एका नवऱ्या मुलीच्या आईनं ते वाचलं. त्या घरून पुढे बारशाचं आमंत्रण आलं नाही. बाईंनी स्वतः लग्न केलं नव्हतं. गळ्यात एक बारीक सोन्याची साखळी, आणि त्या साखळीत जिथे लॉकेट असतं तिथे दहापट मोठं दाखवणारं भिंग.

आता तुम्ही विचाराल, एवढं त्या काय शोधत होत्या. बुरशी. त्यातही पिशवीवाली बुरशी.

थांबा, पान उलटू नका. मीसुद्धा असाच पळणार होतो. पस्तीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका कॉलेजात मी बॉटनी घेतली ती केवळ केमिस्ट्रीच्या अर्जाची रांग लांब होती म्हणून. पहिल्याच प्रॅक्टिकलला बाईंनी माझ्यापुढे एक काटकी ठेवली. काटकीवर खसखशीएवढे काळे ठिपके. काय दिसतं, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घाण. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सुईनं एक ठिपका उचलला, काचेवर निळ्या थेंबात ठेवला, वर दुसरी काच ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकेच दाबलं, आणि ती काच माझ्या मायक्रोस्कोपखाली सरकवून म्हणाल्या, "आता त्या घाणीलाच विचार, तू कोण."

मी डोळा लावला. आणि सांगतो तुम्हाला, तेव्हापासून मी नाटकं पाहिली, समुद्रावरची आतषबाजी पाहिली, माझ्या लग्नात मेव्हण्यांचा नाचही पाहिला. असं काही पुन्हा पाहिलं नाही. तो ठिपका म्हणजे एक घुमटाकार घर होतं. घर फुटून आतून लांबट, पारदर्शक पिशव्यांचा झुबका बाहेर आला होता, आणि प्रत्येक पिशवीत एकापुढे एक, शेंगेतल्या दाण्यांसारखे, बरोबर आठ बीजाणू. माझ्या देखत एका पिशवीचं टोक उघडलं आणि आठही जण सटासट बाहेर. मी खुर्चीवरून उठलो. बाई कानाशी पुटपुटल्या, "फुटली ना? बग, बग, कशी फुटली ती." एरवी त्यांचं मराठी पुस्तकासारखं. पण मायक्रोस्कोपखाली काही हललं की त्यांचं जन्मगाव बोलायला लागे. त्या खाडीकाठच्या आगरी घरातल्या. वडील मिठागरावर कामाला होते.

ही पिशव्यांची टोळी केवढी मोठी आहे हे त्या एका वाक्यात सांगत. "तुझा पाव फुगवणारी, तुझ्या मामाची बिअर करणारी, पेनिसिलिन देणारी आणि पावसाळ्यात तुझ्या पायाला खाज सुटवणारी, सगळ्या एकाच मोठ्या घराण्यातल्या. काही मुली नाव काढतात, काही नाक कापतात. पण आठाची पिशवी पाहिली की ओळख पटते."

मला अभ्यासात गती नव्हती, चित्रकलेत होती. बाईंच्या मायक्रोस्कोपला एक छोटा आरसा बसवलेला असे. त्यातून पाहिलं की काचेवरची बुरशी आणि कागदावरची आपली पेन्सिल एकाच वेळी दिसते. जे दिसतं त्यावरून पेन्सिल फिरवत जायचं, बस. पण माझा हात जरा कलावंताचा. वाकडी पिशवी सरळ करायची, रिकामा कोपरा भरायचा, असं आपोआप व्हायचं. बाई मागे येऊन उभ्या राहत, खांद्यावरून वाकून बघत आणि एकच वाक्य म्हणत. ते वाक्य मी तीन वर्षांत किमान तीनशे वेळा ऐकलं असेल. "पेडणेकर, दिसतं ते काढ. आवडतं ते घरी काढ."

आता मिठागरेलाची गोष्ट.

मिठागरात खाडीचं पाणी घ्यायला बांधात लाकडी फळी बसवलेली असते. भरतीला उचलायची, पाणी आत आलं की खाली सोडायची. बाईंच्या वडिलांनी एक फळी अशी चाळीस वर्षं उचलली आणि सोडली. ती कुजली तेव्हा त्यांनी ती चुलीला न घालता लेकीला आणून दिली. फळीच्या खालच्या अंगाला, जिथे खारं पाणी सतत लागे, तिथे काळे ठिपके होते. बाईंनी ते फोडून पाहिले आणि चार दिवस कॉलेजात कुणाशी बोलल्या नाहीत. घराची भिंत जाड, कोळशासारखी काळी, अशी एका कुळातल्या बुरशांची असते. आतल्या पिशव्यांमधले बीजाणू मात्र दोन्ही टोकांना लांब शेपट्या असलेले, आणि तसे त्या कुळात कुणाचेच नसतात. म्हणजे ही कोणी नवीनच. नुसती नवी जाती नव्हे, नवी प्रजाती. माणसांत सांगायचं तर नुसतं नवं नाव नव्हे, नवं आडनाव.

बाईंनी ते आडनाव ठेवलं मिठागरेला. नाव आमचं आणि शेपटी लॅटिन. शोधनिबंधातलं चित्र मी काढलं; घर मधोमध उभं कापलेलं, आत पिशव्या. चित्र सुंदर झालं. जरा जास्तच सुंदर झालं. ते पुढे सांगतो.

निबंध छापून आला तेव्हा बाईंचे वडील अंथरुणाला खिळले होते. बाईंनी ते पान त्यांच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं पान उलटं धरलं, माझं चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ही माजी फली?" बाई म्हणाल्या, हो, तुमची. महिन्याभरात ते गेले.

इथपर्यंत सगळं छान. पण प्रजातीला आडनाव मिळालं म्हणून कुळ मिळतंच असं नाही. जगातल्या बुरशांची एक मोठी वर्गवारी असते, दर काही वर्षांनी सुधारून निघते. कुठली प्रजाती कुठल्या कुळात, कुठलं कुळ कुठल्या गणात, सगळं रांगेनं मांडलेलं. आणि शेवटी एक मथळा असतो, स्थान अनिश्चित. ज्यांचं घर पाहिलं तर एका कुळाचं वाटतं आणि पिशव्या पाहिल्या तर दुसऱ्या, अशा सगळ्या तिथे. मिठागरेला तिथे जाऊन बसली. एकच नमुना, एकच फळी, दुसऱ्या कुणाला कधी सापडली नाही. नवी यादी आली की बाई आधी शेवटचं पान उघडत. मग मला फोन. मी एव्हाना बॉटनी सोडून वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवायला लागलो होतो. मशिनांच्या घरघरीत फोन कानाला दाबून धरायचो आणि पलीकडून आवाज यायचा, "पेडणेकर, पोर अजून धर्मशाळेतच."

असं तीस वर्षं.

बाई निवृत्त झाल्या, डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. घरात लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीत ओल्या टिपकागदावर काहीतरी कुजत घातलेलं. पाहुण्यांनी हात घालू नये म्हणून खऱ्या लोणच्याच्या बरणीवर त्यांनी 'लोणचं' असं लिहून ठेवलं होतं. मी दर रविवारी जाऊ लागलो. बायको म्हणे, आईकडे एवढा गेलास तर पुण्य लागेल. मी म्हणे, आईकडे मायक्रोस्कोप नाही.

मग आली तन्वी. बाईंच्या एका विद्यार्थिनीची विद्यार्थिनी, म्हणजे नातच. एका संशोधन संस्थेत ती बुरशीच्या डीएनएवरून कुळं ठरवायचं काम करत होती, आणि 'स्थान अनिश्चित' मधल्या प्रजातींवर तिचा डोळा होता. तिनं सांगितलं, जुना नमुना निकामी आहे, त्यातून डीएनए निघत नाही. ताजी मिठागरेला आणा, मी कुळ सांगते. बाईंनी चहा अर्धा ठेवला आणि चप्पल शोधायला लागल्या. ओहोटी साडेअकराला होती, त्यांना पाठ होतं.

ते आठ महिने काय सांगू. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीचा एक काठ आम्ही सोडला नाही. मिठागरं होती तिथे टॉवर, टॉवर नव्हते तिथे टॉवरचे बोर्ड. गुडघाभर चिखलात बाई पुढे आणि खोक्यांचा कारखानदार मागे पुड्या सांभाळत. सुरक्षारक्षकांनी आम्हाला सहा वेळा हटकलं. एकाला बाईंनी भिंगातून काळे ठिपके दाखवले तर तो आम्हाला सोडेना, ड्युटी संपेपर्यंत एकेक काटकी आणून देत राहिला. मिठागरेला मात्र कुठेच नाही.

सापडली ती घरच्या घरी. बाईंचा धाकटा भाऊ, सगळा गाव त्यांना दादूस म्हणतो, खाडीकाठी बंगल्यात राहतो. पांढरे शुभ्र कपडे, गळ्यात बोटाएवढी साखळी, दारात दोन मोठ्या गाड्या आणि मनानं लोणी. आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. हात धुवायला बाई मागच्या अंगणात गेल्या आणि आल्याच नाहीत. जाऊन पाहतो तर घरामागच्या ओहोळावर पाय द्यायला एक काळी फळी टाकलेली, भरतीचं पाणी तिच्या पोटाला लागणारं, आणि बाई ओहोळात उतरून त्या फळीच्या खाली तोंड वर करून उभ्या. वडिलांच्या वेळची दुसरी फळी. दादूसनी ती उगाच आठवण म्हणून ठेवली होती.

"बाय, त्या फलीला काय सोना लागलाय का?" दादूस काठावरून म्हणाले. "वर ये, सुरमई थंड होते."

बाईंचा आवाज फळीखालून आला. "दादूस, गप. पेडणेकर, पुडी."

पुड्या संपल्या होत्या. दादूसनी स्वतःच्या वाढदिवसाचं निमंत्रण आणून दिलं, त्यांच्या फोटोसकट. मिठागरेला त्यातून तन्वीकडे गेली.

तीन आठवड्यांनी तन्वीचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला. तन्वी ओशाळलेली होती. सँपल खराब झालंय म्हणाली. एकाच नमुन्यातून दोन वेगवेगळ्या बुरशांचे डीएनए निघतायत, पुन्हा केलं तरी दोनच. कुठलीतरी भेसळ असणार. दुसरा नमुना पाठवा. मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत आणि त्यांना आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "नमुना खराब नसतो गं. आपली समजूत खराब असते." आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, खाली फळवाल्याच्या मागे पपईचं झाड आहे, त्याच्या पानाचा देठ घेऊन ये.

पपईच्या देठात चीर पाडून त्यात काळा ठिपका धरायचा आणि दाढीच्या ब्लेडनं देठासकट चकत्या करायच्या, केसाहून पातळ. सत्तरीतल्या बाईंचा हात हलला नाही. सोळावी चकती त्यांनी उचलली, काचेवर ठेवली, बघितली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

घर होतं, काळं, जाड भिंतीचं. आणि त्या घराच्या आत, भिंतीपासून जराशी सुटलेली, दुसरी एक भिंत होती. फिकट, पातळ, पेन्सिलीच्या एका रेषेएवढी. पिशव्या त्या आतल्या भिंतीला चिकटून उगवल्या होत्या. बाहेरच्या घराशी त्यांचा काही संबंध नव्हता. म्हणजे ही एक बुरशी नव्हतीच. जाड काळं घर एका नेहमीच्या बुरशीचं, आणि ते रिकामं झाल्यावर आत शिरून आपलं पातळ घर थाटलेली दुसरीच, शेपट्यांच्या बीजाणूंची. तीस वर्षं पोरीला कुळ मिळत नव्हतं ते यामुळे. भिंत एकीची आणि पिशव्या दुसरीच्या, कुठल्या कुळात बसणार?

दादूसना फोनवर सांगितलं तर त्यांना पटकन कळलं, त्यांचा तो रोजचा विषय. "म्हंजे घर येकाचा नि बसलाय दुसराच. बाय, भारेकरू हाय त्यो."

मी हसलो. बाईही हसल्या. मग त्यांनी कपाटातून जुनी स्लाइड काढली, जिच्यावरून मी चित्र काढलं होतं ती. कडा गुलाबी नेलपॉलिशनं बंद केलेल्या. बाई नेलपॉलिश फक्त स्लाइडला लावत. ती त्यांनी मायक्रोस्कोपखाली ठेवली, आणि पुन्हा खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी पाहिलं. पातळ रेष तिथेही होती. अगदी स्पष्ट.

आणि मी डोळा काढून घेतला. कारण ती रेष माझ्या ओळखीची होती.

तुम्हाला सांगतो, पुढचे पंधरा दिवस मी खोके उलटे छापले. एका गिऱ्हाइकाचे बाण सगळे खाली तोंड करून गेले. बाई आणि तन्वी मात्र जोरात कामाला लागल्या होत्या. नवा निबंध लिहायचा होता. त्यात मोठा पेच असा की मिठागरेला हे नाव आता कुणाकडे जाणार. नियम असा आहे की नमुन्यात दोन जीव निघाले, तर जुनं वर्णन ज्याच्याशी जास्त जुळतं त्याला नाव मिळतं. काळ्या घराला गेलं तर नाव संपलं, कारण ती बुरशी आधीच माहीत होती, तिचं आडनाव जुनं होतं. पिशव्यांना गेलं तर मिठागरेला जिवंत, आणि तन्वीच्या डीएनएनं तिचं कुळही सांगितलेलं. बाईंनी या निर्णयात भाग घ्यायला नकार दिला. "मी तिची आई, मला विचारू नका," म्हणाल्या. तन्वीनं जुनं वर्णन शब्दाशब्दानं तपासलं. नवं म्हणून जे काही सांगितलं होतं ते पिशव्या आणि शेपट्या यांच्याबद्दल होतं. नाव पिशव्यांकडे. सगळं जुळत आलं होतं.

मग एका रविवारी दुपारी, डोंबिवलीत, तन्वी मसुदा मोठ्यानं वाचून दाखवत होती. इंग्रजीत होता, ती मराठीत सांगत होती. एक वाक्य आलं की मूळ वर्णनाच्या वेळी आतली पातळ भिंत त्या काळच्या मायक्रोस्कोपमधून दिसली नसावी.

मी म्हणालो, "दिसली होती."

तन्वी थांबली. मी सांगून टाकलं. चित्र काढताना रेष मला दिसली होती आणि मी ती काढलीही होती. मग वाटलं, लेन्सवर केस पडलाय. म्हणून खोडली.

बाईंनी कप बशीत ठेवला. "केस नाही वाटला तुला. नीट सांग."

पन्नाशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, बत्तीस कामगारांचा मालक, आणि माझे कान गरम झाले. "नाही वाटला, बाई. चित्र घाण दिसत होतं."

"हं. आता बरोबर."

त्या उठल्या. कपाटातून मूळ चित्राचा कागद काढला, खिडकीशी नेला आणि उजेडाला तिरका धरला. शाई सुंदरच होती. पण काळ्या भिंतीच्या आत, कागदावर, पेन्सिलीनं पडलेली एक खाच दिसत होती. खोडलेली, पण गेलेली नव्हती.

"हे मी त्याच दिवशी पाहिलं," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, शिकवतानाचा. "तुला हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग विचार केला, ही रेष असली तर दोन जीव असतील, नक्की करायला अजून दोन वर्षं जातील. आणि बाबांकडे तेवढी नव्हती. मला त्यांच्या हातात ते पान द्यायचं होतं. म्हणून मीही स्वतःला सांगितलं, केसच असेल. त्यानंतर तीस वर्षं ती स्लाइड मी एकदाही लावली नाही. जगभरचं कुजलेलं लाकूड पाहिलं, पेडणेकर, ती सोडून."

एका बरणीत काहीतरी बुडबुड करत होतं.

"तन्वी, ते वाक्य काढ. लिही, भिंत दिसली होती. आम्ही ती चित्रात घेतली नाही."

तन्वीनं समजावून पाहिलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. असं लिहिलं तर परीक्षक म्हणतील की वर्णन करणाऱ्यालाच शंका होती, मग नाव ठेवायचंच कशाला, रद्द करा. आयुष्यभराची एकच प्रजाती, मॅडम.

"म्हणू देत," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं पोर धर्मशाळेत राहिली, कारण आईनं तिच्याबद्दल खोटं सांगितलं. आता घर मिळणार असेल तर खरं सांगून मिळू दे. नाही मिळालं तर नाही." आणि मग, माझ्याकडे वळून, "तू पेन्सिल आणलीयस की मी देऊ?"

चित्र मी त्याच दुपारी काढायला बसलो. तोच आरसा, तीच जुनी स्लाइड. बाई मागे उभ्या राहिल्या, खांद्यावरून वाकून. रेषेपाशी आलो तेव्हा हात थबकला, आणि मी वाट पाहत राहिलो त्या वाक्याची. बाई काही बोलल्या नाहीत. मी रेष काढली. खरं सांगू, चित्र घाणच दिसलं. घरात उगाच दुसरं घर, जणू कुणी चुकून ओढलेलं.

निबंध गेला आणि सहा महिने काही कळलं नाही. एका परीक्षकानं खरंच नाव रद्द करा असं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं की अशी कबुली त्यानं आजवर कुणाच्या निबंधात वाचली नाही, आणि म्हणूनच या वर्णनावर त्याचा विश्वास बसतो. संपादकानं दुसऱ्याचं ऐकलं. पुढच्या यादीत मिठागरेला शेवटच्या पानावर नव्हती. दादूसनी चौकात फलक लावायचं ठरवलं होतं, बाईंच्या फोटोसह, 'हार्दिक अभिनंदन'. बाईंनी आपला फोटो उतरवायला लावून तिथे बीजाणूचं चित्र लावलं. आठवडाभर कल्याणला जाणारी माणसं वर बघत की हा शेपट्या असलेला उमेदवार कोण.

ती यादी आली त्या दिवशी बाईंनी मला शेवटचं पान वाचायला सांगितलं. मी म्हणालो, आता कशाला, आपली तिथे नाही. त्या म्हणाल्या, "बाकीच्यांची तर आहेत. वाच." मी धर्मशाळेतली सगळी नावं वाचून दाखवली, आणि त्या प्रत्येक नावाला मान डोलवत होत्या, ओळखीच्या असल्यासारख्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. झोपेत, त्रास न होता. बरण्या तन्वीनं नेल्या. लोणचं दादूसनी नेलं. मूळ चित्राचा कागद आणि दुसरं चित्र, दोन्ही बाईंनी पुडीत घालून माझं नाव लिहून ठेवली होती. मोठी पुडी, कुणाच्या तरी मुंजीच्या पत्रिकेची.

दुसरं चित्र मी काच लावून वागळे इस्टेटच्या ऑफिसात टांगलं आहे. येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत बसला की त्याच्याकडे बघतो. परवा घोडबंदरचे एक बिस्किटवाले आले होते, मोठं काम घेऊन. बोलता बोलता उठले, जवळ गेले आणि रुमालानं काच पुसायला लागले.

"पेडणेकर, आत केस अडकलाय बघा."

मी खुर्ची पुढे ओढली, दोन चहा सांगितले आणि म्हणालो, "बसा. तुम्हाला घाई नाही ना?"